मॅकियाव्हेली खरंच जुलमी सत्तेचा गुरू होता का?

विचारलेला प्रश्न थोडक्यात असा: “कॉलेजात मॅकियाव्हेली म्हणजे ‘साध्य साधलं की साधन कसंही चालतं’ असं सांगणारा धूर्त माणूस, एवढंच शिकलो. आता कुठेतरी वाचलं की तो लोकसत्ताक राज्याचा समर्थक होता. यातलं खरं काय? आणि त्याला मुळातून वाचायचं तर सुरुवात कुठून करावी?”

मी पदव्युत्तर वर्गांना पाश्चात्त्य राजकीय विचार शिकवते. निकोलो मॅकियाव्हेलीवर जितका अन्याय झाला तितका युरोपातल्या फार थोड्या विचारवंतांवर झाला असेल, असं माझं ठाम मत आहे. पण त्याची बाजू घेताना त्याची कठोर वाक्यं झाकून ठेवायची, हेही मला मान्य नाही. ती वाक्यं त्याचीच आहेत. ती कोणत्या परिस्थितीत लिहिली गेली आणि त्यांच्या शेजारी आणखी काय लिहिलं आहे, हे वाचलं की चित्र बदलतं.

आधी त्या प्रसिद्ध वाक्याकडे येऊ. ‘साध्य साधनाचं समर्थन करतं’ असं त्याने कुठेही लिहिलेलं नाही. राजाने सत्ता कशी मिळवावी आणि टिकवावी यावरच्या त्याच्या ‘द प्रिन्स’ या छोट्या पुस्तकाच्या अठराव्या प्रकरणात त्याच्या आसपासचं एक विधान आहे: माणसांच्या, त्यातही राजांच्या कृत्यांविरुद्ध दाद मागायला वरचं न्यायालय नसतं, तिथे लोक शेवटी काय झालं ते बघतात. लोक निवाडा कसा करतात, याचं हे वर्णन आहे. दुसरी जागा जास्त महत्त्वाची आहे आणि ती सहसा कोणी उद्धृत करत नाही. रोमन इतिहासकार लिव्हीवर त्याने जो मोठा ग्रंथ लिहिला, त्या ‘डिस्कोर्सेस’च्या पहिल्या भागातलं नववं प्रकरण रोम्युलसबद्दल आहे. रोम्युलसने भावाला मारून रोम वसवलं. मॅकियाव्हेली म्हणतो की कृत्य त्याला दोषी ठरवत असलं तरी परिणाम त्याला माफी मिळवून देतो. इथवर वाचून थांबलं तर पाठ्यपुस्तकातला मॅकियाव्हेलीच हाती लागतो. पण पुढे तो विचारतो, रोम्युलसने हे स्वतःसाठी केलं नाही याचा पुरावा काय? त्याचं उत्तर असं की राज्य हाती येताच त्याने सिनेट स्थापन केली आणि स्वतःकडे फक्त युद्धात सैन्य चालवणं आणि सिनेटची बैठक बोलावणं एवढेच अधिकार ठेवले. म्हणजे हिंसेला माफी मिळण्याची कसोटी यश ही नाही. मिळालेली सत्ता त्या माणसाने वाटून टाकली का, ही ती कसोटी आहे. या कसोटीवर इतिहासातले किती सत्ताधीश उतरतील? मोडण्यासाठी हिंसा करणाऱ्याला दोष द्यावा, सावरण्यासाठी करणाऱ्याला नव्हे, हेही त्याच प्रकरणात आहे.

आता माणूस कोण होता ते पाहू. जन्म १४६९, इटलीतलं फ्लॉरेन्स हे नगरराज्य. वडील बर्नार्दो वकील, पैशाने बेताचे, पण पुस्तकवेडे. एका छापखान्यासाठी लिव्हीच्या इतिहासातल्या स्थलनामांची सूची त्यांनी तयार करून दिली आणि मोबदल्यात त्या ग्रंथाची प्रत मिळवली. मुलाने पुढे आयुष्यभर ज्याच्याशी संवाद केला तो लिव्ही घरात असा आला. १४९८ च्या मे महिन्यात सावोनारोला या धर्मोपदेशकाला फ्लॉरेन्सच्या चौकात फाशी देऊन जाळण्यात आलं. त्यानंतर काही आठवड्यांतच, वयाच्या एकोणतिसाव्या वर्षी, मॅकियाव्हेली प्रजासत्ताकाच्या दुसऱ्या कचेरीचा प्रमुख झाला. पुढची चौदा वर्षं त्याने सरकारी नोकरी केली: पत्रव्यवहार, परराज्यांत वकिलाती, सैन्यभरती, पगारवाटप. तो कधी मंत्री नव्हता आणि राजाच्या दरबारातलाही नव्हता. फ्लॉरेन्सवर सत्ता गाजवणारं मेडिची घराणं १४९४ मध्ये हद्दपार झाल्यावर उभ्या राहिलेल्या लोकसत्ताक राज्याचा तो कारकून होता.

ते राज्य दुबळं होतं, हे लक्षात घेतल्याशिवाय ‘द प्रिन्स’ कळत नाही. पीसा शहर हातचं गेलं होतं आणि ते परत मिळवण्यासाठी फ्लॉरेन्स भाडोत्री सेनापतींवर पैसा ओतत होतं. १४९९ मध्ये पाओलो व्हितेल्ली या भाडोत्री सेनापतीने तटबंदीला खिंडार पडल्यावरही हल्ला थांबवला. फ्लॉरेन्सने फितुरीच्या संशयावरून त्याचं डोकं उडवलं, पण पीसा काही मिळालं नाही. पुढच्या वर्षी फ्रान्सच्या राजाने मदतीला दिलेल्या फौजेने पगारासाठी बंड केलं. त्या तक्रारीचा निकाल लावायला मॅकियाव्हेलीला फ्रान्सला पाठवलं गेलं, तेव्हा तिथून त्याने आपल्या वरिष्ठांना कळवलं की इथे तुम्हाला ‘श्रीयुत शून्य’ म्हणतात. ज्यांच्याकडे स्वतःचं सैन्य आहे किंवा जे पैसा मोजायला तयार आहेत, त्यांनाच इथे मान आहे, असंही त्याने लिहिलं. भाडोत्री सैन्यावरची त्याची ती प्रसिद्ध चीड या अपमानातून आलेली आहे.

पिस्तोयाची हकिकत तर मी प्रत्येक वर्गात सांगते, कारण ‘द प्रिन्स’मधलं सर्वांत बदनाम सतरावं प्रकरण तिच्यावर उभं आहे. पिस्तोया हे फ्लॉरेन्सच्या ताब्यातलं छोटं शहर. तिथे कांचेल्लिएरी आणि पांचातिकी या दोन गटांत पिढ्यान्पिढ्यांचं वैर होतं. १५०१ च्या सुमारास ते उघड कत्तलींपर्यंत गेलं. फ्लॉरेन्सने दोन्ही गटांना चुचकारत राहण्याचं धोरण ठेवलं. मॅकियाव्हेली स्वतः सरकारतर्फे तिथे जाऊन आला होता. सतराव्या प्रकरणात, राजाने क्रूर म्हणवून घ्यायला घाबरू नये असं जिथे तो म्हणतो, तिथे त्याने दिलेलं उदाहरण हे आहे: क्रूर हे नाव लागू नये म्हणून फ्लॉरेन्सच्या जनतेने पिस्तोयाचा नाश होऊ दिला. थोड्या लोकांना वेळीच कठोर शिक्षा केली असती तर सगळं शहर वाचलं असतं. ही दया नव्हती, जबाबदारी टाळणं होतं, असं त्याचं म्हणणं आहे. दंगल रोखण्याचा अधिकार हातात असताना, नाव खराब होईल म्हणून गप्प बसलेला अधिकारी आणि हुकूम दिलेला अधिकारी, यांत कोणाच्या हातून जास्त माणसं मेली, हा त्याचा प्रश्न आहे. या प्रश्नाला आजही सोपं उत्तर नाही. प्रश्न विचारणाऱ्याला राक्षस ठरवणं मात्र सोपं आहे.

त्याच प्रकरणात, राजाने प्रेमापेक्षा भीती मिळवावी या वाक्याला लागूनच दुसरी अट आहे. भीती चालेल, द्वेष चालणार नाही. आणि द्वेष टाळायचा तर प्रजेच्या मालमत्तेला आणि त्यांच्या बायकांना हात लावायचा नाही. बाप मेलेला माणूस विसरेल, पण बापाची जमीन गेलेली विसरणार नाही, हे त्याचं निरीक्षण ज्यांना दुष्ट वाटतं त्यांनी ते राजाला दिलेल्या ताकिदीसारखं वाचून पाहावं.

चेझारे बोर्जियाबद्दलही अर्धीच गोष्ट सांगितली जाते. पोप सहाव्या अलेक्झांडरचा हा मुलगा १५०२ मध्ये मध्य इटलीत राज्य उभं करत होता आणि मॅकियाव्हेली काही महिने त्याच्या छावणीत फ्लॉरेन्सचा दूत म्हणून होता. रोमान्या प्रांतात शिस्त आणण्यासाठी बोर्जियाने रेमिर्रो दे ओर्को नावाचा कठोर अधिकारी नेमला. काम झाल्यावर, लोकांचा राग त्याच्यावर ढकलण्यासाठी, त्याचे दोन तुकडे करून चेझेनाच्या चौकात टाकले. मॅकियाव्हेली हे थंडपणे लिहितो, आणि वाचताना अंगावर काटा येतो. तो बोर्जियाच्या धडाडीने दिपला होता हे खरं. पण १५०३ मध्ये अलेक्झांडर वारला, आजारी बोर्जियाने आपल्याच वैऱ्याला पोप व्हायला मदत केली आणि काही महिन्यांत त्याचं सगळं कोसळलं. तेव्हाही मॅकियाव्हेली रोममध्ये होता आणि तिथून त्याने पाठवलेल्या पत्रांत आदर फारसा उरलेला नाही. ‘द प्रिन्स’मध्येही बोर्जियाची गोष्ट संपते ती चुकीच्या निवडीने ओढवलेल्या नाशावर.

भाडोत्री सैन्याला पर्याय म्हणून त्याने खेड्यापाड्यांतल्या शेतकऱ्यांची फौज उभारली. १५०६ मध्ये तिचा कायदा झाला आणि १५०९ मध्ये पीसा पुन्हा फ्लॉरेन्सच्या हाती आलं. त्याच्या आयुष्यातलं हे सर्वांत मोठं यश. पण १५१२ च्या ऑगस्टमध्ये स्पॅनिश फौज फ्लॉरेन्सजवळच्या प्रातो शहरावर चालून आली तेव्हा हीच फौज पळाली, शहरात भीषण कत्तल झाली, प्रजासत्ताक पडलं आणि मेडिची परतले. मॅकियाव्हेलीची नोकरी गेली. १५१३ च्या फेब्रुवारीत मेडिचींविरुद्धच्या एका कटाच्या यादीत त्याचं नाव सापडलं. हात मागे बांधून दोराने वर ओढायचं आणि एकदम खाली सोडायचं, अशा यातना त्याला दिल्या गेल्या. असं सहा वेळा झालं, हे त्यानेच लिहून ठेवलं आहे. त्याने कबुली दिली नाही. मार्चमध्ये मेडिची घराण्यातला जिओव्हानी पोप झाला, दहावा लिओ, आणि त्या आनंदात कैदी सुटले, त्यांत हाही सुटला.

मग सांत’आंद्रेआ इन पेर्कुस्सिना या खेड्यातल्या घरी त्याने ‘द प्रिन्स’ लिहिलं. १० डिसेंबर १५१३ चं व्हेत्तोरी या मित्राला लिहिलेलं पत्र जरूर वाचा. दिवसभर जंगलतोडीवर देखरेख, खानावळीत पत्ते, आणि संध्याकाळी चिखलाचे कपडे उतरवून दरबारी वस्त्रं घालून चार तास प्राचीन ग्रंथांच्या संगतीत. त्याच पत्रात तो स्पष्ट सांगतो की मेडिचींनी आपल्याला काम द्यावं, सुरुवातीला दगड लोटायला लावला तरी चालेल. म्हणूनच फ्रेंच विचारवंत रूसोने १७६२ मध्ये मांडलेलं मत मला पटत नाही. राजांना शिकवण्याचं सोंग करून मॅकियाव्हेलीने लोकांना धडा दिला आणि ‘द प्रिन्स’ हे खरं तर प्रजासत्ताकवाद्यांचं पुस्तक आहे, असं रूसो म्हणतो. हा बचाव आकर्षक आहे, पण जो माणूस खासगी पत्रात एवढ्या कळकळीने नोकरी मागतो आहे, तो त्या पुस्तकात थट्टा करत नव्हता. त्याने ते मनापासून लिहिलं. अपयशी प्रजासत्ताकाच्या नोकराने, सत्तेवर आलेल्या विरोधकांना, या देशाची लूट थांबवायची असेल तर काय करावं लागेल, हे लिहून दिलं. शेवटचं प्रकरण परकीय फौजांपासून इटली सोडवण्याची हाक आहे, आणि ते पेत्रार्का या इटालियन कवीच्या ओळींवर संपतं.

आणि त्या छोट्या पुस्तकातही लोकांवरचा त्याचा विश्वास लपत नाही. नवव्या प्रकरणात तो म्हणतो की बड्यांना दडपायचं असतं आणि लोकांना फक्त दडपलं जाऊ नये एवढंच हवं असतं, म्हणून लोकांचा हेतू जास्त प्रामाणिक आहे आणि राजाने आधार त्यांचाच घ्यावा. विसाव्यात म्हणतो, प्रजेचा द्वेष नसणं हाच सर्वांत भक्कम किल्ला. पाचव्या प्रकरणात तर विलक्षण प्रकार आहे. स्वतंत्र राहायची सवय असलेलं शहर जिंकणाऱ्याने ते उद्ध्वस्त करावं किंवा स्वतः तिथे जाऊन राहावं, हा सल्ला अमानुष वाटतो. पण त्याने दिलेलं कारण पाहा: प्रजासत्ताकांत जास्त प्राण असतो, गेलेल्या स्वातंत्र्याची आठवण त्या लोकांना स्वस्थ बसू देत नाही. जुलमी राजासाठी लिहिलेल्या पुस्तकात स्वातंत्र्याचं याहून मोठं कौतुक मी वाचलेलं नाही.

आठव्या प्रकरणात प्राचीन सिसिलीतल्या सिराक्यूजचा अगाथोक्लीस येतो. कुंभाराच्या या मुलाने सिनेटर आणि श्रीमंतांची कत्तल करून सत्ता घेतली आणि टिकवली. यशच सर्वस्व असतं तर हा मॅकियाव्हेलीचा नायक व्हायला हवा होता. त्याऐवजी तो लिहितो की आपल्याच नागरिकांना मारणं, मित्रांना दगा देणं, दया आणि धर्म सोडणं, याने राज्य मिळेल, कीर्ती मिळणार नाही.

‘डिस्कोर्सेस’ मात्र वेगळ्याच उंचीवर आहे. तिथला मुख्य मुद्दा त्याच्या काळाच्या पूर्ण विरुद्ध जाणारा होता. रोममधला सामान्य जन आणि सिनेट यांच्यातल्या भांडणांमुळे रोम बुडालं, असं त्या काळचे विद्वान मानत. मॅकियाव्हेली म्हणतो, त्या भांडणांतूनच रोमला स्वातंत्र्याचे कायदे मिळाले, सामान्यांची बाजू राखणारे ट्रिब्यून हे अधिकारी मिळाले. रस्त्यावरच्या गोंगाटाकडे बघून घाबरू नका, त्यातून काय निघालं ते बघा. पहिल्या भागाच्या अठ्ठावन्नाव्या प्रकरणात तो लिव्हीशीच भांडतो: जनसमूह चंचल असतो म्हणतात, पण कायद्याने बांधलेली जनता कायद्याने बांधलेल्या राजापेक्षा जास्त स्थिर आणि जास्त शहाणी असते. सातव्या आणि आठव्या प्रकरणांत आरोप आणि बदनामी यांतला फरक आहे. बड्या माणसावर उघडपणे, पुराव्यासह, कायदेशीर मंचावर आरोप करण्याची सोय राज्यात हवीच. ती नसेल तर लोक बाजारात कुजबुजतात, आणि कुजबुजीतून गट आणि गटांतून रक्तपात होतो. हा विचार मला त्याच्या सगळ्या लिखाणातला सर्वांत व्यवहारी वाटतो, आणि तोच सर्वांत कमी वाचला जातो.

मग इतकी बदनामी आली कुठून? ‘द प्रिन्स’ छापलं गेलं १५३२ मध्ये, लेखक वारल्यावर पाच वर्षांनी, तेही रोममध्ये आणि पोप सातव्या क्लेमेंटच्या परवान्याने. त्या वेळी त्यात कोणाला सैतान दिसला नव्हता. काही वर्षांतच इंग्लंडचा कार्डिनल रेजिनाल्ड पोल याने ते सैतानाच्या हाताने लिहिलं आहे असं म्हटलं. त्यामागे इंग्लंडचा राजा आठवा हेन्री आणि त्याचा मंत्री थॉमस क्रॉमवेल यांच्याशी असलेलं त्याचं वैर होतं. १५५९ मध्ये पोप चौथ्या पॉलने मॅकियाव्हेलीची सगळीच पुस्तकं निषिद्ध यादीत घातली. १५७२ मध्ये पॅरिसमध्ये प्रोटेस्टंटांची कत्तल झाली, आणि तिचा दोष राजमाता कॅथरीन दे मेडिचीवर आला. ‘द प्रिन्स’ मेडिची घराण्यातल्या ज्या लोरेन्झोला अर्पण केलं होतं, त्याचीच ही मुलगी. तेव्हा १५७६ मध्ये इनोसाँ जाँतिये या फ्रेंच प्रोटेस्टंटाने मॅकियाव्हेलीविरुद्ध जाडजूड ग्रंथ लिहिला. कॅथॉलिकांनी त्याला पाखंडी ठरवलं आणि प्रोटेस्टंटांनी कॅथॉलिक कारस्थानांचा गुरू. इंग्लंडमध्ये नाटककार मार्लोने त्याला नाटकाची प्रस्तावना म्हणायला रंगमंचावर उभं केलं, शेक्सपियरच्या पात्रांनी त्याचं नाव खुनी म्हणून घेतलं. ‘द प्रिन्स’चं छापील इंग्रजी भाषांतर मात्र निघालं १६४० मध्ये. म्हणजे तिथल्या सामान्य प्रेक्षकाने माणूस वाचण्याआधी पन्नास वर्षं त्याचा खलनायक पाहिला होता. १७४० मध्ये प्रशियाच्या फ्रेडरिक राजाने व्होल्तेरच्या मदतीने त्याचं खंडन छापलं आणि त्याच वर्षी डिसेंबरमध्ये शेजारच्या सायलेशिया प्रांतावर चाल केली. समजूतदार वाचक त्याआधीही होते: तत्त्वज्ञ बेकनने त्याचे आभार मानले ते माणसं काय करतात हे लिहिल्याबद्दल, आणि तत्त्वज्ञ स्पिनोझाने त्याला स्वातंत्र्याचा पक्षपाती म्हटलं.

माझ्या दृष्टीने सर्वांत निर्णायक पुरावा १५२० च्या सुमाराचा आहे. लोरेन्झो वारला होता, फ्लॉरेन्सचं पुढे काय करायचं हा प्रश्न मेडिचींपुढे होता, आणि त्यांनी मॅकियाव्हेलीकडून सल्ला मागवला. राजांचा खुशमस्कऱ्या असता तर संधी यापेक्षा चांगली मिळणार नव्हती. त्याने मेडिची पोपलाच लिहून दिलं की सर्वसामान्यांचं समाधान केल्याशिवाय कोणतंही प्रजासत्ताक कधी टिकलेलं नाही, म्हणून बंद केलेलं महामंडळाचं, म्हणजे नागरिकांच्या मोठ्या सभेचं, सभागृह लोकांसाठी पुन्हा उघडा. तुम्ही दोघं (पोप लिओ आणि त्याचा चुलतभाऊ कार्डिनल जुलिओ) हयात आहात तोवर सूत्रं तुमच्या हाती राहू देत, पण व्यवस्था अशी करा की नंतर शहर आपोआप स्वतंत्र होईल. सल्ला मानला गेला नाही. त्यानंतर मेडिचींच्याच पैशाने लिहिलेल्या ‘फ्लॉरेन्सच्या इतिहासा’त त्याने १३७८ च्या लोकर कामगारांच्या उठावातल्या एका अनाम मजुराच्या तोंडी भाषण घातलं: आम्हाला आणि त्या बड्यांना नागवं करा, सगळे सारखेच दिसू, फरक फक्त गरिबी-श्रीमंतीचा. मेडिची पुन्हा हद्दपार झाले आणि १५२७ च्या मे महिन्यात प्रजासत्ताक परत आलं, तेव्हा त्याने आपल्या जुन्या पदाची आशा धरली होती. मेडिचींचं मीठ खाल्लेला म्हणून त्याला ते मिळालं नाही, आणि २१ जूनला तो वारला.

जे खरंच खुपतं तेही सांगते. जिंकलेल्या राजघराण्याचा निर्वंश करा, असं तो लिहितो. नशीब ही स्त्री आहे आणि तिला मारून काबूत आणावं लागतं, हे पंचविसाव्या प्रकरणातलं वाक्य मला आजही वाचवत नाही. आणि देशाचं अस्तित्व पणाला लागलं असेल तेव्हा न्याय्य-अन्याय्य पाहू नये, हे ‘डिस्कोर्सेस’च्या तिसऱ्या भागातलं विधान कोणताही सत्ताधीश रोजच संकट आहे असं सांगून वापरू शकतो. राजकीय तत्त्वज्ञ लिओ स्ट्रॉस यांनी १९५८ मध्ये त्याला दुष्टतेचा शिक्षक म्हटलं ते अगदी निराधार नाही. विचारांचे इतिहासकार आयझाया बर्लिन यांचं म्हणणं मला अधिक जवळचं वाटतं: ख्रिस्ती सद्गुण खोटे आहेत असं मॅकियाव्हेली म्हणत नाही, पण मजबूत नगरराज्य आणि आत्म्याचा उद्धार ही दोन वेगळी ध्येयं आहेत आणि दोन्ही एकदम मिळणार नाहीत असं दाखवून देतो.

आपल्याकडे यात आणखी एक गोष्ट मिसळते. मराठी वर्तमानपत्रांत एखाद्या नेत्याला ‘आधुनिक चाणक्य’ म्हटलं की तो गौरव असतो, मॅकियाव्हेली म्हटलं की शिवी. चाणक्याचं, म्हणजेच कौटिल्याचं, ‘अर्थशास्त्र’ मैसूरहून १९०९ मध्ये प्रसिद्ध झालं, आणि दहा वर्षांत जर्मन समाजशास्त्रज्ञ माक्स वेबर यांनी म्हटलं की त्याच्यापुढे ‘द प्रिन्स’ निरुपद्रवी आहे. विषप्रयोग, हेर, खोटे साधू हे सगळं कौटिल्याकडे तपशीलवार आहे आणि गणसंघांत फूट कशी पाडावी यावर स्वतंत्र अधिकरण आहे. तरी ‘प्रजासुखे सुखं राज्ञः’ हे वचन पुढे करून आपण कौटिल्याला समग्र वाचतो, आणि ते योग्यच आहे. तोच न्याय मॅकियाव्हेलीला लावा, त्याचं नववं प्रकरण पुढे करा, एवढंच माझं मागणं आहे.

वाचायला सुरुवात करताना ‘द प्रिन्स’ पहिल्या पानापासून सलग वाचू नका, राज्यांच्या प्रकारांत अडकाल. आधी व्हेत्तोरीला लिहिलेलं पत्र. मग प्रकरणं आठ, नऊ, पंधरा ते अठरा आणि शेवटचं. त्यानंतर ‘डिस्कोर्सेस’च्या पहिल्या भागातली सुरुवातीची अठरा प्रकरणं आणि अठ्ठावन्नावं. नावांचा गोंधळ होतो, म्हणून १४९४ ते १५२७ या काळातल्या इटलीचा नकाशा शेजारी असू द्या. भाषांतर घेताना टिपा असलेलं घ्या, कारण पिस्तोयात काय झालं होतं हे टीप नसेल तर सतराव्या प्रकरणात कळणारच नाही.